नाव हरवलेल्यांचे ऋण

आपल्या मंडळींत कुलवृत्तान्त ही मोठ्या आस्थेची वस्तू आहे. इंदूर असो, ग्वाल्हेर असो की बडोदे. पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी देशावरून वा कोकणातून बाहेर पडलेल्या घराण्यांनी आपली मुळे कागदावर उतरवून ठेवण्याचा ध्यास घेतलेला दिसतो. हे स्वाभाविकच आहे. जो आपल्या जागी राहिला त्याला गावाची वेस ओळख देते. जो दूर गेला त्याला ती वंशावळीत शोधावी लागते. ह्या ग्रंथांची पाने उलटीत मागे मागे गेले, की कोठेतरी एक मूळ पुरुष येतो आणि त्याच्या पलीकडचे पान कोरे राहते. अलीकडच्या पानांवरही कोरेपणा कमी नसतो. जुन्या वंशवेलींत मुलगे ओळीने नोंदलेले असतात. त्यांच्या आया मात्र पुष्कळदा नुसत्या रेघेने दाखवलेल्या असतात. त्या कोऱ्या जागेचे आपण काय करतो? बहुधा काहीच करीत नाही. नाव नाही, म्हणून कर्तव्यही नाही, असे आपण न बोलता धरून चालतो.

हे गृहीत बरोबर आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. परंतु स्वतःच्या घराण्याविषयी विचार करताना अभिमान आडवा येतो आणि दृष्टी स्वच्छ राहत नाही. म्हणून येथे एका वेगळ्याच वंशावळीचा आधार घ्यावयाचा आहे. ही वंशावळ माणसांची नसून गव्हाच्या एका वाणाची आहे. तो वाण ऑस्ट्रेलियात जन्मला, कोरड्या हवेत वाढला, आणि त्याच्या एका पूर्वजाचे गाव आपल्या ग्वाल्हेरकरांच्या शेजारचे आहे.

विल्यम फॅरर हा १८४५ साली इंग्लंडमध्ये जन्मलेला गृहस्थ. केंब्रिजचे शिक्षण झाले, पुढे वैद्यक शिकावयाचे होते. परंतु क्षयाने गाठले आणि कोरड्या हवेच्या आशेने १८७० साली तो ऑस्ट्रेलियास गेला. तेथे काही वर्षे जमीनमोजणीची नोकरी केली. मोजणीसाठी रानोमाळ हिंडताना त्याने गव्हाची दैना पाहिली असली पाहिजे. तेथील वसाहतवाल्यांनी पेरलेले गहू बहुतांशी युरोपातून आलेल्या वंशाचे. ते सावकाश पिकणारे. इंग्लंडच्या ओलसर, थंड उन्हाळ्यात हा गुण होता. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात तोच दोष ठरला. दाणा भरण्याच्या ऐन वेळी जमिनीतील ओल संपे, तापलेला वारा सुटे, आणि वर्ष ओलसर गेलेच तर तांबेरा पडे. १८८९ च्या तांबेऱ्याने तेथील पिकाची धूळधाण केली. त्यानंतर काही वर्षांतच दीर्घ दुष्काळ सुरू झाला आणि तो नव्या शतकाच्या आरंभापर्यंत पुरला.

फॅररने १८८६ मध्ये नोकरी सोडली आणि मरंबिजी नदीच्या काठी, आजच्या कॅनबेराजवळील लॅम्ब्रिग ह्या ठिकाणी, स्वतःच्या जमिनीवर गव्हाचे संकर करण्यास आरंभ केला. गव्हाचे फूल स्वतःच स्वतःला फळवते. संकर करावयाचा तर फूल उमलण्याआधी त्यातील परागकोश चिमट्याने अलगद काढावे लागतात आणि दुसऱ्या वाणाचे पराग आणून त्यावर ठेवावे लागतात. मेंडेलचे आनुवंशिकतेवरील संशोधन तेव्हा विस्मृतीत पडलेले होते. ते पुन्हा उजेडात आले १९०० साली. म्हणजे फॅररचे बरेचसे काम केवळ निरीक्षण आणि चिकाटी ह्यांच्या बळावर झाले. १८९८ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या कृषी खात्याने त्याला नेमणूक दिली; तोवरची बारा वर्षे त्याने पदरमोड करून काम केले. त्या खात्यातील रसायनज्ञ गथ्री ह्याने मूठभर गव्हाचे पीठ करून पारखता येईल अशी चिमुकली चक्की सिद्ध केली होती. तिच्यामुळे एकेका रोपाच्या संततीची रोटीच्या दृष्टीने परीक्षा करणे शक्य झाले.

येथे एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. गव्हाचे ढोबळमानाने दोन स्वभाव आहेत. एका जातीच्या गव्हाला कोवळ्या वयात काही आठवडे कडाक्याची थंडी लागल्यावाचून ओंबीच येत नाही. तो थंड देशांत शरदात पेरतात आणि तो हिवाळा बर्फाखाली काढतो. दुसऱ्या जातीला अशा थंडीची अट नसते. थंड देशांत तो वसंतात पेरला जातो, म्हणून त्यास वासंतिक गहू म्हणतात. आपल्याकडील सारा रब्बीचा गहू दिवाळीच्या सुमारास पेरला जात असला तरी स्वभावाने वासंतिकच आहे. आपला हिवाळा त्याला वसंतासारखाच. दक्षिण ऑस्ट्रेलियाचा हिवाळाही असाच सौम्य असतो. म्हणून फॅररला हवा असलेला गहू स्वभावाने वासंतिक, लवकर पिकणारा आणि कोरड्या उन्हाच्या आधी आपला संसार आटोपणारा असा हवा होता.

त्याने पत्रव्यवहार करून देशोदेशींची बियाणी मागवली. उत्पन्नासाठी ऑस्ट्रेलियातच रुळलेला ‘पर्पल स्ट्रॉ’ घेतला. पिठाच्या कसासाठी कॅनडात नावाजलेल्या ‘फाइफ’ची सुधारलेली जात घेतली. आणि लवकर पिकण्याच्या गुणासाठी तो हिंदुस्थानी गव्हांकडे वळला. त्यांतील एकाचे नाव ‘इटावा’. फाइफ आणि इटावा ह्यांच्या संकरातून ‘यांडिला’ झाला. पर्पल स्ट्रॉ आणि यांडिला ह्यांच्या संकरातून जो वाण निघाला त्याला फॅररने ‘फेडरेशन’ हे नाव दिले. १९०१ साली ऑस्ट्रेलियातील वसाहतींचे एक संघराज्य झाले होते, त्याच्या स्मरणार्थ हे नाव. हा गहू दिसावयास देखणा नव्हता. ओंब्या तपकिरी, काड आखूड; पहिल्याने शेतकऱ्यांना तो फारसा भावला नाही. परंतु काड ताठ असल्याने तो लोळत नसे, यंत्राने कापणीस सोयीचा होता, आणि कोरड्या वर्षातही पदरात काही टाकून जात असे. फॅरर १९०६ मध्ये वारला. १९१० पासून १९२५ पर्यंत ऑस्ट्रेलियात सर्वांत अधिक पेरला जाणारा गहू फेडरेशन होता. पुढे ऑस्ट्रेलियाने फॅररची छबी दोन डॉलरच्या नोटेवर गव्हाच्या ओंब्यांसह छापली. १९६६ पासून १९८८ मध्ये नोटेची जागा नाण्याने घेईपर्यंत ती तेथील प्रत्येकाच्या खिशात होती.

आता ह्या गव्हाचा कुलवृत्तान्त मागे वाचीत जावे. फेडरेशनच्या मागे फॅररचे नाव आहे. फाइफच्या मागे डेव्हिड फाइफ ह्या कॅनडातील शेतकऱ्याचे नाव आहे. १८४२ च्या सुमारास स्कॉटलंडमधील मित्राने धाडलेल्या बियांतून त्याने तो वाढवला. गाय त्या मोजक्या ओंब्या खात असता त्याच्या पत्नीने त्या वाचवल्या, अशी आख्यायिकाही तेथे सांगतात. आणि इटाव्याच्या मागे? इटाव्याच्या मागे कोणाचेच नाव नाही. तेथे एका गावाचे नाव आहे आणि पुढे कोरे पान.

इटावा आपल्याला अपरिचित नाही. भिंडहून निघून चंबळ ओलांडली की पुढे इटावा येते. आणि भिंड तर जुन्या ग्वाल्हेर संस्थानातलाच जिल्हा. यमुना आणि चंबळ ह्यांच्या बेचक्यातील हा मुलूख. पावसाळा संपला की आकाश कोरडे, आणि होळी उलटली की पश्चिमेकडून लू वाहू लागते. अशा प्रदेशात जे रोप आळस करील त्याचा दाणा चिमतो आणि जे चटकन फुलावर येईल त्याचा भरतो. भरलेला दाणा बियाण्याला निवडावा आणि चिमलेला चुलीकडे जावा, एवढा साधा नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला की वाणाचा स्वभावच घडत जातो. फॅररला जो गुण हवा होता तो त्याने निर्माण केला नाही. तो त्याला घडलेला मिळाला. मग ज्यांनी तो घडवला त्यांचे फॅररवर, ऑस्ट्रेलियावर आणि ती रोटी खाणाऱ्यांवर काही ऋण आहे की नाही?

नाही असे म्हणणाऱ्यांचे पहिले म्हणणे असे, की ऋण हे हेतूने केलेल्या उपकाराचे असते. इटाव्याच्या शेतकऱ्याने काही जगासाठी गहू सुधारला नाही. त्याने पुढच्या वर्षाच्या आपल्या पोटासाठी बी राखले. डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथात अशा निवडीला अजाणता झालेली निवड म्हटले आहे. अजाणता घडलेल्या गोष्टीचे श्रेय कसले आणि ऋण कसले? पाऊस पडतो म्हणून आपण ढगाचे देणेकरी होत नाही.

ह्या म्हणण्यात तथ्य आहे, परंतु ते अर्धेच आहे. गव्हाचा गुण बदलत आहे हे त्या शेतकऱ्याला ठाऊक नसेल. बी राखणे हे मात्र त्याने जाणूनच केले. आणि ते सोपे नव्हते. १८३७-३८ साली गंगा-यमुनेच्या दुआबात दुष्काळ पडला आणि लाखो माणसे मेली. अशा वर्षात घरात दाणा असून तो शिजवावयाचा नाही, कारण तो बियाण्याचा आहे, हा निश्चय करणे म्हणजे काय हे आपण सुस्थितीतल्या माणसांनी थोडे थांबून मनात आणले पाहिजे. मूल रडत आहे आणि कणगीच्या तळाशी मडक्यात राख घालून ठेवलेले बी आहे. ते खाल्ले तर आजचा दिवस निभतो आणि पुढले वर्ष बुडते. पुष्कळांनी ते खाल्ले असेल, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु त्या दुष्काळानंतरही त्या मुलखात गहू पेरला जात राहिला, ह्याचाच अर्थ कोणीतरी ते खाल्ले नाही. बी निवडणे, वाळवणे, राखणे हे काम खेड्यापाड्यांतून बहुधा बायकांच्या हातचे असते. म्हणजे तो निग्रहही पुष्कळदा एखाद्या बाईचाच असणार. ढगाशी केलेली तुलना येथे टिकत नाही. ढग उपाशी राहत नाही.

दुसरे म्हणणे अधिक अवघड आहे. समजा, ऋण मान्य केले. पण ते फेडावयाचे कोणाला? धनको हयात नाही, त्याचे नाव ठाऊक नाही, वारस ओळखता येत नाहीत. ज्याला फेडता येत नाही आणि ज्याचा तगादा कोणी लावू शकत नाही, अशा देण्याला देणे म्हणणे ही केवळ भाषेची शोभा झाली. सावकारी वहीत असे खाते बुडीत म्हणून मारले जाते.

ऋणाची एकच कल्पना आपल्यासमोर असेल, म्हणजे सावकाराची, तर हे म्हणणे बिनतोड आहे. परंतु आपल्या परंपरेत ऋणाची दुसरी एक कल्पना फार जुनी आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊनच मनुष्य जन्मतो, असे वैदिक वाङ्मयात सांगितले आहे. शतपथ ब्राह्मणात त्यांच्या जोडीला चौथे मनुष्यऋणही आहे. ह्या ऋणांच्या फेडीची रीत पाहण्यासारखी आहे. ऋषींचे ऋण ऋषींना परत करून फिटत नाही. ते अध्ययनाने, विद्या पुढे चालती ठेवल्याने फिटते. पितरांचे ऋण संतती वाढवल्याने फिटते. आणि मनुष्यऋण माणसांना आसरा व अन्न दिल्याने फिटते. देणारा मागे असतो, फेड मात्र पुढच्याला करावयाची असते. धनकोचे नाव ठाऊक असण्याची अट येथे मुळीच नाही. तर्पणाच्या विधीतही स्वतःच्या पितरांना उदक दिल्यावर ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठीही ओंजळ सोडण्याची रीत आहे. विधीवर कोणाची श्रद्धा असो वा नसो, त्यामागील विचार श्रद्धेवाचूनही समजतो: ज्याचे नाव घेणारा कोणी उरला नाही त्याचेही आपल्याकडे काही येणे आहे, हे ओळखणारी माणसे तो विधी रचताना होती.

तेव्हा फेडता येत नाही हे खरे नाही. फेडावयाची दिशा बदलते, एवढेच.

तिसरा आक्षेप आपल्यापैकी अभिमानी मंडळींकडून उलट बाजूने येईल. ते म्हणतील, मग स्पष्टच म्हणा की ऑस्ट्रेलियाचा गहू मुळात आमचा. त्याचे श्रेय आणि मोबदला आमचा. हा मोह मोठा आहे, म्हणून त्याचा विचार सावधपणे केला पाहिजे. गहू मुळात ‘आमचा’ आहे काय? गव्हाची शेती प्रथम पश्चिम आशियात, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी सुरू झाली. आपण पोळीसाठी दळतो तो गहू त्यानंतर जन्मला. कास्पियन समुद्राच्या दक्षिणेकडील मुलखात शेतातल्या जुन्या गव्हाचा तणासारख्या उगवणाऱ्या एका रानगवताशी संकर झाला आणि त्यातून हा दाणा आला. तेथून तो हातोहात पूर्वेकडे सरकत सिंधूच्या आणि पुढे गंगेच्या खोऱ्यात पोचला. इटाव्याच्या शेतकऱ्याच्या मागेही म्हणजे अशीच एक कोरी पानांची लांबलचक वही आहे, आणि तिच्यातील माणसे आजच्या कोणत्याच देशाची नव्हेत. इटाव्याच्या नावावर जो हक्क सांगेल त्याला इराणातून कोणी हक्क सांगितला तर उत्तर देता येणार नाही. नाव नसलेल्यांच्या श्रमाचा आधार घेऊन स्वतः मिरवणे ही ऋणाची फेड नसून त्याच खात्यावर काढलेली आणखी एक उचल आहे.

फॅररला चोर ठरवणेही तितकेच चुकीचे होईल. त्याने बियाण्यावर मालकी सांगितली नाही. ते शेतकऱ्यांच्या हाती जावे म्हणून तो झटला. शिवाय त्याने वंशावळ लिहून ठेवली. इटावा हे नाव आज आपल्याला कळते ते त्याच्या नोंदीमुळे. सर्वांनी एवढेही केलेले नाही. कॅनडाच्या गवताळ प्रदेशातील शेतीला उभे करणारा ‘मार्क्विस’ हा वासंतिक गहू घ्या. त्याचा संकर १८९२ मध्ये झाला. चार्ल्स साँडर्स ह्याने १९०३-०४ च्या सुमारास एकेका ओंबीचे दाणे चावून, त्यांच्या चिकटपणावरून पारख करीत तो निवडला. शरदाचे हिंव पडण्याआधी लवकर पिकणे हा त्याचा मोठा गुण. हा गुणही हिंदुस्थानी गव्हाकडूनच आला, आणि त्या गव्हाची नोंद आहे ‘हार्ड रेड कलकत्ता’. कलकत्त्यास गहू पिकत नाही. ते ज्या बंदरातून गलबतावर चढले त्या बंदराचे नाव. इटाव्याच्या बाबतीत निदान गाव तरी उरले; येथे गावाच्या जागी धक्का उरला आहे.

नाव ठेवण्याची ह्याहून उदार रीत आपल्या इंदुरातच झालेली आहे. अल्बर्ट हॉवर्ड हे बिहारमधील पुसा येथे १९०५ पासून गव्हाचे नवे वाण तयार करीत होते. त्यांच्या बरोबरीने ते काम करणाऱ्या त्यांच्या पत्नी गॅब्रिएल ह्या स्वतः नाणावलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. १९२४ मध्ये उभयता इंदूरच्या नव्या संशोधन संस्थेत आले. काडीकचऱ्यापासून खत करण्याची जी पद्धत तेथे सिद्ध झाली तिला त्यांनी स्वतःचे नाव न देता ‘इंदूर पद्धत’ म्हटले, आणि हिंदुस्थानातील शेतकऱ्यांकडून आपण शिकलो हे हॉवर्डांनी पुढे उघडपणे सांगितले. एवढे उदार माणूस असूनही लोकांच्या आठवणीत ‘हॉवर्ड’ म्हणजे एकटे अल्बर्ट राहिले. १९३० साली वारलेल्या गॅब्रिएलबाईंचे नाव मागे पडले. छापील नाव असलेल्यांचीही ही गत होते, तर निरक्षरांची काय कथा?

मग ही पुढे करावयाची फेड प्रत्यक्षात कशी असते? माझ्या मते तिचे तीन हप्ते आहेत.

पहिला हप्ता सत्याचा. जेथे आपल्याला ठाऊक नाही तेथे रकाना मोकळा ठेवावा आणि तो मोकळा आहे हे सांगावे. ‘फॅररने गहू निर्माण केला’ हे वाक्य खोटे आहे; ‘फॅररने ज्यांची नावे उरली नाहीत अशा शेतकऱ्यांच्या गव्हांतून फेडरेशन घडवला’ हे वाक्य खरे आहे. दुसरे वाक्य पहिल्याहून लांब आहे खरे. परंतु त्यातील वाढीव शब्द हेच त्या शेतकऱ्यांचे स्मारक, आणि फॅररचे मोठेपण त्याने रतिभरही उणे होत नाही.

दुसरा हप्ता दार उघडे ठेवण्याचा. जे आपल्याला खुल्या हाताने मिळाले त्याला आपण कुलूप लावू नये. हा केवळ उपदेश नाही. २००३ मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयाने एका बहुराष्ट्रीय कंपनीला गव्हासंबंधी एक पेटंट दिले; त्यातील गुण ‘नॅप हाल’ ह्या भारतीय देशी गव्हातून घेतलेला होता. भारतातील शेतकरी संघटना व इतरांनी हरकती घेतल्या आणि २००४ मध्ये ते पेटंट रद्द झाले. ज्या देण्याची फेड पुढे करावयाची, त्याचा प्रवाहच मध्ये अडवला तर फेड अशक्य होते. म्हणून अशा कुलुपाचा दोष पैशाच्या हिशेबापेक्षा मोठा आहे. आपल्या देशाने २००१ साली वाणांच्या संरक्षणाचा आणि शेतकऱ्यांच्या हक्कांचा कायदा केला. नवा वाण घडवणाऱ्याला त्याने हक्क दिला. त्याच वेळी शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्कही मानला, आणि एखाद्या गावाने वा समाजाने वाण घडवण्यात हातभार लावला असेल तर त्याच्या वतीने दावा करण्याची सोयही ठेवली. ज्याचे नाव नाही अशा समूहालाही देणे लागू शकतो, हे तत्त्व अशा रीतीने कायद्याच्या पुस्तकात आले. इटाव्याच्या त्या शेतकऱ्यांपर्यंत हा कायदा मागे पोचू शकत नाही. त्यांच्यासारखेच काम आज करणाऱ्यांपर्यंत पोचू शकतो.

तिसरा हप्ता ह्या आज काम करणाऱ्यांचा, आणि तो आपल्या अगदी दाराशी आहे. माळव्यातील सिहोर-विदिशाकडचा शरबती गहू आणि गुजरातेतील भाल प्रदेशाचा भालिया गहू आपल्या घरांत कौतुकाने आणला जातो. भालिया पावसाळ्यात जमिनीत मुरलेल्या ओलीवर, पुष्कळदा एकही पाणी न देता पिकतो. शरबतीच्या मुलखात मान असलेला सी-३०६ हा वाण १९६५ चा. उंच, कमी पाण्यात निभावणारा, आणि मऊ पोळीसाठी नावाजलेला. भालियाला २०११ मध्ये आणि शरबतीला २०२३ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. गावाचे नाव पोत्यावर आले, हे चांगलेच झाले. परंतु नाव पोत्यावर आले म्हणजे मोल शेतापर्यंत पोचले असे होत नाही. भरपूर पाणी पिणाऱ्या वाणांपुढे कोरडवाहू गव्हाचे उत्पन्न कमी पडते. जो शेतकरी तरीही तो पेरतो तो आपल्याबरोबर उद्याच्या कोरड्या वर्षांचीही तरतूद करीत असतो. त्याच्याशी चार पैशांसाठी घासाघीस करावयाची आणि दोन हजार कोसांवरच्या आणि सव्वाशे वर्षांपूर्वीच्या अन्यायावर हळहळावयाचे, ही कृतज्ञता नव्हे.

आता पुन्हा आपल्या कुलवृत्तान्तांकडे येतो. आपल्या घराण्यांचे पूर्वज कोणी शिलेदार म्हणून, कोणी कारकून म्हणून, कोणी शास्त्री वा वैद्य म्हणून इकडे आले. इनामे मिळाली, वाडे उभे राहिले, देवळे बांधली गेली. ते सारे नोंदलेले आहे. भाकरी खाणारी घरे ह्या मुलखात येऊन गव्हाच्या पोळीवर रुळली, हेही आपण गमतीने सांगतो. तो गहू कोणी पिकवला हे मात्र कोणत्या पानावर आहे? इनामाच्या गावचे नाव असते, वसुलाचा आकडा असतो. कसणाऱ्याचे नाव क्वचितच असते. आपण परक्या मुलखात येऊन ज्यांच्या अन्नावर वाढलो त्यांच्या बाबतीत आपला कुलवृत्तान्त कलकत्त्याच्या धक्क्यासारखाच आहे. खाल्ल्या मिठाला जागावे असे आपण म्हणतो. खाल्ल्या गव्हाला जागणे त्याहून वेगळे नाही.

दोनशे वर्षांपूर्वी गेलेली नावे परत येणार नाहीत. परंतु सगळीच नावे अजून गेलेली नाहीत. घरोघरी ऐंशीच्या घरातील एखादी आजी वा काका आहेत, ज्यांना आपल्या जुन्या शेतावर राबणाऱ्या कुटुंबांची नावे ठाऊक आहेत, पणजीचे माहेरचे नाव ठाऊक आहे, आणि त्या वावरात कोणता गहू होत असे हेही ठाऊक आहे. ही माहिती विचारून लिहून घेण्यास फार तर दोन दुपारी लागतील. कुलवृत्तान्ताच्या पुढील आवृत्तीत ती चार पाने वाढावीत, आणि जेथे नाव मिळाले नाही तेथे रेघ न ओढता ‘नाव मिळाले नाही’ असे स्पष्ट लिहावे.